क्षितिजापासून तीन मुठी

आकाशात कुणाला अनोळखी दिवा दिसला, तर त्याची नोंद घेण्यासाठी ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडे एक ठरावीक प्रश्नावली असायची. एका कागदावर मावणारी, इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं लावलेली. १९९३ साली मी त्या प्रश्नावलीला उत्तरं दिली. उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे लोक हसतात, नाहीतर डोळे विस्फारतात, आणि दोन्हीकडे गप्पा तिथेच संपतात. ज्यानं ते पाहिलं त्याला नीट प्रश्न कुणी विचारत नाही. मला विचारले गेले होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची साताऱ्याची. मिरजेला एमबीबीएस झाले आणि लग्नानंतर ऐंशीच्या दशकात वेल्समध्ये आले. दक्षिण वेल्सच्या र्‍होंडा खोऱ्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करू लागले. त्या खाणपट्ट्यातल्या दवाखान्यांत भारतातून आलेले डॉक्टर पुष्कळ होते. तिकडचे तरुण डॉक्टर त्या भागात यायला फारसे राजी नसत, आम्ही आलो आणि राहिलो. खोऱ्यातली शेवटची कोळशाची खाण, मॅर्डीची, १९९० च्या डिसेंबरात बंद झाली होती. खाणी गेल्या, पण खाणीतली धूळ माणसांच्या फुप्फुसांत तशीच होती. रात्री-अपरात्री फोन यायचे ते बहुतेक दम लागलेल्या म्हाताऱ्या खाणकामगारांच्या घरून. त्या काळी रात्रीच्या रुग्णांची जबाबदारीही फॅमिली डॉक्टरवरच असे, त्यामुळे बॅग उचलून निघायचं.

३० मार्चची रात्र उलटून ३१ तारीख लागली होती. उताराच्या अगदी वरच्या ओळीतल्या एका घरी मी गेले होते. रुग्णाला नेब्युलायझर देऊन, श्वास थोडा सुटा झाल्यावर मी बाहेर पडले. त्यांची बायको टॉर्च घेऊन मला गाडीपर्यंत सोडायला आली, कारण त्या गल्लीच्या टोकाला दिवा नव्हता. चैत्रातल्या शुक्लपक्षातला अर्धा चंद्र पश्चिमेला उतरत चालला होता, आकाश स्वच्छ होतं. मी गाडीचं दार उघडलं आणि बाई म्हणाल्या, “डॉक्टर, ते बघा.”

पश्चिमेच्या डोंगरकडेवरून दोन पांढरे दिवे वर आले होते. एकमेकांपासूनचं अंतर अजिबात न बदलता दोघं आग्नेयेकडे सरकत होते. मागे फिकट, धुरकट उजेडाच्या दोन रेघा. विमानाचे दिवे लुकलुकतात, हे लुकलुकत नव्हते. तारा तुटतो तो डोळ्याची पापणी लवायच्या आत विझतो, हे विझत नव्हते. आवाज म्हणाल तर काहीही नाही. खाली नदीचा आणि वर कुरणातल्या एखाद्या मेंढीचा, एवढाच. मी नकळत मनगटावर बोटं ठेवून मोजायला लागले, डॉक्टरी हाताला ती सवयच असते. साधारण मिनिटभर तो प्रकाश दिसला आणि मग दक्षिणेकडच्या कड्याआड गेला. दोन दिव्यांमधली जागा मला बाकीच्या आकाशापेक्षा काळी वाटली, जणू दोन्ही दिवे एकाच मोठ्या वस्तूच्या टोकांना लावलेले असावेत. बाई तर ठाम होत्या. “एक भलं मोठं जहाज,” त्या म्हणाल्या, “त्या कड्याला घासून गेलं.”

मला पहिली शंका आली ती पेटलेल्या विमानाची. लॉकरबीच्या विमान दुर्घटनेला सव्वाचार वर्षं झाली होती. स्कॉटलंडमधल्या त्या गावातल्या डॉक्टरांवर त्या रात्री काय ओढवलं हे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. पलीकडच्या खोऱ्यात विमान कोसळलं असेल तर आपल्याला बोलावणं येईल, या विचारानं घरी पोचल्यावर मी पोलिसांना फोन लावला. ड्यूटीवरचा शिपाई म्हणाला की कुठलंही विमान हरवल्याची खबर नाही, पण असा फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. नाव, पत्ता, वेळ त्यानं उतरवून घेतली आणि विचारलं, “हे एअर फोर्सकडे पाठवू का?” मी हो म्हटलं.

नवऱ्याला हे पटलं नाही. “परक्या देशात राहतो आपण. पेशंट उद्या म्हणतील, डॉक्टरीणबाईंना आकाशात भलतंसलतं दिसतं,” असं त्याचं म्हणणं. त्याच्या काळजीत तथ्य होतं, नाही असं नाही. सासूबाई त्या वेळी आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “शेंडेनक्षत्र असेल गं. सांगून टाक, त्यात लपवायचं काय?” मला त्यांचं म्हणणं जवळचं वाटलं. दिसलं ते दिसलं. त्याचा अर्थ लावायची जबाबदारी माझी नव्हती, पण दिसल्याचं सांगायची होती.

एअर फोर्सच्या एका तळावरून दुपारी फोन आला. दवाखाना नुकताच आटपला होता. माणूस तरुण असावा, आवाज शांत. त्यानं आधीच सांगितलं की मी छापील प्रश्न क्रमानं विचारणार आहे आणि माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणायला संकोच करू नका.

पहिला प्रश्न तारीख, वेळ आणि किती काळ दिसलं याचा. मी एक वाजून दहा मिनिटं म्हटल्यावर तो थांबला. “कुठल्या घड्याळाप्रमाणे?” रविवारी पहाटेच सगळ्या देशाची घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे झाली होती. माझ्या मनगटावरचं घड्याळ पुढे होतं, गाडीतलं अजून हिवाळ्याच्या वेळेवर होतं. दोन्ही घड्याळांत काय वाजले होते ते त्यानं स्वतंत्र लिहून घेतलं. हा बारकावा किती मोलाचा होता हे मला नंतर समजलं. त्या रात्रीचे साक्षीदार शेकडो मैलांत विखुरलेले होते, आणि ‘एकच गोष्ट, एकाच मिनिटाला’ हे सिद्ध व्हायचं तर तासाभराचा घोळ परवडणारा नव्हता.

मग वर्णन: किती वस्तू, आकार, रंग, तेज, आवाज, वास. होय, वाससुद्धा. मग मी नेमकी कुठे उभी होते, घरात की उघड्यावर, थांबलेली की चालत्या गाडीत. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं की दुर्बिणीतून. काचेतून पाहिलं का, कारण काचेत घरातल्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं. मी उत्तरं देत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की हा माणूस केस हिस्टरी घेतो आहे. छातीत दुखतं म्हणून रुग्ण येतो तेव्हा ‘हार्ट अटॅक आला का?’ असं आपण विचारत नाही. कुठे दुखतं, कधीपासून, कळ कुठे जाते, चालल्यावर वाढते का, असं विचारत जातो आणि उत्तर त्याच्या तोंडी घालत नाही. इथेही ‘तबकडी होती का?’ असा प्रश्न कुठेही नव्हता. त्या अख्ख्या कागदात तो शब्दच मला ऐकू आला नाही.

उंचीच्या प्रश्नाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. मी सांगायला सुरुवात केली, “डोंगराच्या वर साधारण पाचशे फूट...” त्यानं मला सौम्यपणे थांबवलं. “उंची नको, डॉक्टर. रात्री उंचीचा अंदाज कुणालाच येत नाही. क्षितिजापासूनचा कोन सांगा.” कोन कसा सांगायचा? त्यानं युक्ती दिली. हात सरळ समोर ताणायचा, मूठ वळायची. मुठीची रुंदी साधारण दहा अंश. क्षितिजावर मूठ टेकवून एकावर एक रचत जायचं. मी रिसीव्हर खांद्यात धरून दवाखान्याच्या खिडकीत उभी राहिले आणि मुठी मोजल्या. सर्वांत वर तो प्रकाश होता तेव्हा तीन मुठी. “तीस अंश,” तो म्हणाला आणि लिहिलं. मग दिशा: प्रथम कुठे दिसलं, शेवटी कुठे. वेग मैलांत नको, एवढ्या वेळात इथपासून इथपर्यंत गेलं एवढंच हवं.

यामागचं तर्कशास्त्र मला आजही फार सुंदर वाटतं. अंधाऱ्या आकाशात दिव्याच्या शेजारी ओळखीचं काही नसतं, म्हणून जवळचा लहान दिवा आणि लांबचा मोठा दिवा डोळ्याला सारखेच दिसतात. उंची, अंतर, आकार या तीन गोष्टी आपण पाहत नाही, त्या मेंदू ठरवतो. कोन, दिशा आणि काळ मात्र खरोखर पाहिलेले असतात. फॉर्मनं माझ्याकडून फक्त पाहिलेलं मागितलं.

पुढचा प्रश्न आसपासच्या गोष्टींचा होता आणि तो एक लांबलचक यादी वाचत गेला. टेलिफोनच्या तारा, उच्च दाबाच्या विजेच्या तारा, धरण, तळं, दलदल, नदी, उंच इमारती, धुराडी, चर्चचे मनोरे, टीव्हीचे खांब, विमानतळ, वीजकेंद्र, कारखाने, आणि रात्री फ्लडलाइट असलेल्या खाणी. खाणी म्हटल्यावर मी क्षणभर गप्प झाले. ज्या खोऱ्यात एके काळी डझनावारी खाणी रात्रभर उजळलेल्या असत, तिथे सांगावं लागलं की आता एकही चालू नाही. त्यानं ‘नाही’ लिहून पुढचा प्रश्न घेतला.

शेवटाकडे एक कलम होतं: माहिती देणाऱ्याची पार्श्वभूमी, स्वतःहून सांगितली तर. मी डॉक्टर असल्याचं सांगितलं. भारतीय आहे हे माझ्या उच्चारांवरून त्याला कळलंच असणार, त्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या साक्षीदार आहेत का, असं विचारल्यावर मी बाईंची परवानगी घेऊन कळवते म्हणाले. फोन ठेवण्याआधी मी त्याला सरळ विचारलं, “ते काय होतं?” तो म्हणाला, “मी फक्त लिहून घेतो. हा कागद लंडनला जातो.”

लंडनला म्हणजे व्हाइटहॉलमधल्या संरक्षण खात्याच्या मुख्य इमारतीत, ‘सेक्रेटरिएट, एअर स्टाफ, २ ए’ नावाच्या टेबलावर. सगळ्या ब्रिटनमधून असे कागद तिथे येत. त्या वर्षी २५८ आले. हे टेबल १९९१ ते १९९४ या काळात निक पोप नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं, पुढे ते याच विषयावरच्या लेखनामुळे जगभर प्रसिद्ध झाले. कागदाची एक प्रत लष्करी गुप्तचर विभागाच्या ‘डीआय ५५’ या शाखेकडे जात असे. यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या बाजूला होती ती फक्त वाट पाहणं.

पत्र आलं तेव्हा वसंत सरत आला होता. एकाच पानाचं, सभ्य भाषेतलं. त्यात आशय असा होता: अशा नोंदी खातं एकाच हेतूनं तपासतं, त्यांत देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीनं काही आहे का हे पाहण्यासाठी. हवाई हद्दीचा भंग झाल्याचा पुरावा नसेल तर प्रत्येक दिवा नेमका कशाचा होता हे शोधत बसणं खात्याच्या कामात येत नाही. त्याखाली एक वाक्य जास्तीचं होतं. त्या रात्री त्याच सुमारास एका रशियन रॉकेटचा भाग वातावरणात परत शिरून जळाल्याची नोंद आहे, आपण पाहिलेला प्रकाश त्याचा असण्याची शक्यता आहे.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला खरोखर आनंद झाला. पुढे ग्रंथालयात बसून जमेल तेवढं शोधलं. कॉसमॉस २२३८ नावाचा रशियन नौदलाचा टेहळणी उपग्रह ३० मार्चला बायकोनूरहून सुटला होता. समुद्रावरच्या जहाजांचे रेडिओ आणि रडार संकेत पकडणं हे त्याचं काम. त्याला वर नेणाऱ्या त्सिक्लॉन रॉकेटचा वरचा टप्पा काम संपवून अर्ध्या दिवसातच खाली आला, आणि आयर्लंड, पश्चिम ब्रिटनच्या माथ्यावरून जळत गेला. आता तीस अंशाचा कोन हाताशी होता. असे तुकडे साधारण ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवर जळतात. तीस अंशावर दिसत असेल तर माझ्यापासून जमिनीवरचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास निघतं. म्हणजे मी जे डोंगरावर पाहिलं ते खरं तर ब्रिस्टलच्या खाडीच्याही पार, डेव्हन-कॉर्नवॉलच्या बाजूला होतं. तीन मुठींनी मला एवढं सांगितलं.

बाईंना मात्र हे काही केल्या पटेना. मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले होते. “रॉकेट डोंगराला घासून जात नाही, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “मी या घरात जन्मले. तो कडा किती लांब आहे ते मला ठाऊक आहे.” त्यांच्याशी वाद घालावासा मला वाटला नाही. पण मी एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली. तेच दोन दिवे त्याच मिनिटाला आयर्लंडमध्ये, डेव्हनमध्ये, कॉर्नवॉलमध्ये दिसले. प्रत्येक ठिकाणच्या माणसाला ते आपल्याच टेकडीवर, आपल्याच खाडीवर वाटले. एकच वस्तू इतक्या टेकड्यांवर एकाच वेळी असायची तर ती सगळ्यांपासून लांब आणि खूप उंच असायला हवी. बाईंनी ऐकून घेतलं आणि चहा ओतला. त्या खोटं बोलत होत्या असं मला कधीही वाटलेलं नाही. त्यांनी पाहिलेले दोन दिवे आणि मी पाहिलेले दोन दिवे तेच होते.

दिव्यांच्या मधे ‘जहाज’ का दिसतं, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेत आहे. ३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत झोंड-४ मोहिमेचे अवशेष अमेरिकेतल्या अनेक राज्यांवरून जळत गेले. बहुतेकांनी जळते तुकडे म्हणून सांगितले, पण काही समंजस, शिकलेल्या माणसांनी लांबट आकाराचं यान आणि त्याला खिडक्यांची रांग पाहिल्याचं लिहून दिलं. अशा दृश्यांची अमेरिकन हवाईदलाची चौकशी तेव्हा चालू होती, आणि हवाईदलानंच कोलोराडो विद्यापीठाकडे दिलेल्या अभ्यासात हे प्रकरण तपासलं गेलं. एका सरळ रांगेत, एका वेगानं चाललेले दिवे दिसले की मेंदू मधली जागा भरून काढतो. ज्याला हे माहीत नाही तो साक्षीदार अप्रामाणिक ठरत नाही. मलाही त्या रात्री मधली जागा काळी दिसलीच होती.

बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले. माहितीच्या अधिकाराचा कायदा ब्रिटनमध्ये २००५ पासून लागू झाला आणि उडत्या तबकड्यांबद्दलचे अर्ज खात्याकडे इतके आले की २००८ पासून त्यांनी फायलीच राष्ट्रीय अभिलेखागाराकडे खुल्या करायला घेतल्या. २०१३ पर्यंत त्या टप्प्याटप्प्यानं बाहेर आल्या, पन्नास हजारांहून जास्त पानं. ‘३१ मार्च १९९३’ शोधत मी त्यांत शिरले आणि माझ्या त्या एका कागदाभोवती केवढी धावपळ झाली होती हे पहिल्यांदा पाहिलं.

नावं, पत्ते काळ्या पट्ट्यांनी झाकलेले. फॉर्ममागून फॉर्म, तेच प्रश्न, वेगवेगळ्या अक्षरांत, काही टाइप केलेले. यातला माझा कुठला ते सांगता येत नाही. दोन पांढरे दिवे, मागे धुरकट रेघ, आवाज नाही, एक वाजून दहाच्या आसपास: हे पानोपानी. यॉर्कशरच्या माळरानावर फायलिंगडेल्स इथे एअर फोर्सचं रडार आहे. ते मुळात क्षेपणास्त्रांचा इशारा देण्यासाठी, पण त्याच नजरेनं पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंवरही लक्ष ठेवतं. तिथून त्सिक्लॉन रॉकेटच्या पुनरागमनाची वेळ कळवली गेली आणि ती या फॉर्मांशी जुळली.

पण प्रकरण तिथे मिटलं नव्हतं. श्रॉपशरमधल्या कॉसफर्ड आणि शॉबरी या दोन हवाई तळांवरूनही त्या रात्री नोंदी आल्या होत्या. शॉबरीच्या हवामान अधिकाऱ्याचं निरीक्षण तर एकच्या सुमाराचं नव्हे, पहाटे अडीचनंतरचं: खाली झुकलेला प्रकाशझोत आणि घुमणारा आवाज. रॉकेट तेव्हा कधीच जळून गेलेलं. रडारच्या नोंदी मागवल्या गेल्या, टिपणं वरिष्ठांपर्यंत गेली. लंडनच्या टेबलावरच्या निक पोप यांना हा भाग अनुत्तरित वाटला आणि ते पुढेही तसंच म्हणत राहिले. नंतरच्या अभ्यासकांनी त्या वेळी त्या भागात चोरीच्या गाडीमागे असलेल्या पोलीस हेलिकॉप्टरकडे बोट दाखवलं. झोत आणि घरघर दोन्ही त्यात बसतात. माझं मत त्यांच्या बाजूनं आहे. मात्र एक सांगायलाच हवं: एका रात्रीत दोन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात, आणि वेळ काटेकोर लिहिली नसती तर दोन्ही मिळून एकच अजस्र यान तयार झालं असतं. कित्येकांच्या सांगण्यात ते तसं झालंच.

संरक्षण खात्यानं १ डिसेंबर २००९ पासून अशा नोंदी घेणारा फोन आणि ई-मेल बंद केला. त्या शेवटच्या वर्षात ६४३ नोंदी आल्या होत्या. पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीत देशाला धोका दिसला नाही, माणसं आणि पैसा दुसऱ्या कामाला लावायला हवेत, हे त्यांचं कारण. लष्कराच्या बाजूनं पाहिलं तर ते बरोबरच आहे. लष्कराचा प्रश्न एवढाच असतो की ही वस्तू शत्रूची आहे का. ‘नाही’ म्हटलं की त्यांची फाइल बंद होते. पाहणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो आणि तो तिथून पुढे सुरू होतो. हे दोन प्रश्न एकाच टेबलावर ठेवले गेले, म्हणून एकाला उत्तर मिळत राहिलं आणि दुसऱ्याला बहुधा नाही. मला त्या एका वाक्यानं मिळालं, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

फ्रान्सनं हे वेगळं केलं. तिथे १९७७ पासून हे काम राष्ट्रीय अवकाश संस्थेच्या तुलूजमधल्या केंद्राकडे, म्हणजे शास्त्रज्ञांकडे आहे. जबानी गावातले पोलीस घेतात, तपास शास्त्रज्ञ करतात, निष्कर्षाला चारपैकी एक अक्षर देतात आणि तो सगळ्यांना वाचायला खुला ठेवतात. उलगडलं, बहुधा उलगडलं, माहिती अपुरी, उलगडलं नाही. ‘माहिती अपुरी’ आणि ‘उलगडलं नाही’ यांतला फरक त्यांनी पाळला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी माझा फोन सारखा वाजू लागला. भाचा चंद्रपूरला असतो. त्यानं पाठवलेल्या व्हिडिओत रात्री आठच्या सुमाराच्या आकाशात पेटलेल्या ठिणग्यांची एक लांब माळ संथपणे सरकत होती. जळगाव, अकोला, नागपूर, पलीकडे मध्य प्रदेश, सगळीकडून तेच. कुणी उल्कावर्षाव म्हणत होतं, कुणी कोसळणारं विमान, कुणी क्षेपणास्त्र. मी पाहिलं आणि पहिल्या काही सेकंदांतच ओळखलं. उल्का इतका वेळ टिकत नाही, आणि तुकडे एकमेकांची साथ न सोडता एका रेषेत चालले होते.

“मावशी, आमच्या गच्चीवरूनच गेलं गं ते,” भाचा म्हणाला. मी त्याला म्हटलं, “गच्चीवरून नाही रे बाळा. आत्ताच्या आत्ता परत वर जा. हात सरळ धर, मूठ वळ, आणि सांग सर्वांत वर होतं तेव्हा किती मुठी.” तो गेला. त्याच्याकडून मी दिशा घेतली, दिसेनासं होईपर्यंतचा वेळ घेतला, व्हिडिओची मूळ प्रत जपून ठेवायला सांगितली, कारण पुढे पाठवलेल्या प्रतीतली वेळ भरवशाची नसते. शेजारच्या दोन घरांतल्या माणसांनाही वेगवेगळं विचार, एकमेकांसमोर नको, असंही बजावलं.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं मोकळ्या जागेवर पडलेलं सापडलं. दुसऱ्या दिवशी पवनपारला धातूचा एक गोळा मिळाला. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. पोलिसांनी कडं ठाण्यात नेऊन ठेवलं आणि नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. २०२१ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, हे हार्वर्ड-स्मिथसोनियनचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या आकडेमोडीवरून लगेच सांगितलं होतं. जमिनीवर पडलं त्याची चौकशी झाली, ती व्हायलाच हवी. आकाशात पाहिलं त्यांचं मात्र टीव्हीवरच्या चर्चेत विरून गेलं.

भाच्यानं दोन-तीन दिवसांत मला साध्या वहीच्या कागदावर लिहिलेल्या जबान्या फोटो काढून पाठवल्या. त्याची स्वतःची, शेजारच्या शिक्षकांची, आणि एका आजीची, जिनं मुठी मोजायला नातवाचा हात धरला होता. तिघांच्या दिशा जुळत होत्या, मुठींत एकीचा फरक. स्वच्छ, उपयोगी नोंदी होत्या त्या. हे कागद आता कुणाकडे पाठवायचे, असं त्यानं विचारलं. पोलीस ठाणं, तहसील, वेधशाळा, आम्ही फोनवर एकेक नाव घेऊन पाहिलं. शेवटी त्यानं ते कागद तारीख घालून प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवले आहेत, आणि प्रश्नांची मी केलेली मराठी यादी त्यांच्यासोबत लावली आहे.